मानाची चूड

माझ्या वडिलांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर त्या भाषेची झडती घ्यायला बसले. हजेरीपटासारख्या आडव्या वह्या त्यांनी आणल्या. प्रत्येक पानावर एक वाक्प्रचार आणि त्याखाली तीन रकाने: अर्थ, उगम, आणि तिसरा त्यांच्या डोक्यातून निघालेला, ‘कोण कोणाला म्हणतो’. या तिसऱ्या रकान्याची मी पुष्कळ थट्टा केली आहे. मी अलिबागला कॉलेजात इंग्रजीच शिकवते. कोशात नसलेलं बाबांच्या वहीत कुठून येणार, अशी माझी समजूत होती.

‘स्टँड ऑन सेरेमनी’चं पान आता मला पाठ आहे. अर्थ: औपचारिकता काटेकोर पाळणं, मानपानाचा आग्रह धरणं. बहुधा नकारात वापरतात, म्हणजे ‘संकोच करू नका, घरच्यासारखं वागा’. उगम: इथलं ‘स्टँड’ पायांवर उभं राहण्याचं नाही. एखाद्या गोष्टीवर अडून बसणं, तिला धरून राहणं, असा त्याचा जुना अर्थ आहे आणि तो काही शतकं चालत आलाय. ‘सेरेमनी’ लॅटिनमधून आला. पवित्र विधी, आणि त्या विधीचा मनातला धाक. त्याच्या मागे काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. रोमन लोक सांगत की शहरावर शत्रू चालून आला तेव्हा देवाच्या पवित्र वस्तू शेजारच्या एका गावाने सांभाळल्या, आणि त्या गावाच्या नावावरून हा शब्द पडला. त्याखाली बाबांच्या बारीक अक्षरात: ‘गोष्ट चांगली आहे. आधार नाही. उगम हरवला की लोक गोष्ट रचतात.’ आणि तिसऱ्या रकान्यात: ‘यजमान पाहुण्याला म्हणतो. पाहुणा यजमानाला कधीच नाही. रीत ज्याच्या हातात, माफ करणाराही तोच.’

‘चहाच्या आमंत्रणाचा केवढा हा खल!’ असं मी तेव्हा म्हणाले होते. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बोर्ली पंचतनच्या बाजाराला जी गावं येतात त्यांतलं एक आमचं. नाव सांगत नाही, कारण माझ्या भावाला तिथंच राहायचं आहे. गाव संपून समुद्राकडे उतार लागतो तिथं आमची बौद्धवाडी. छप्पन साली धर्म बदलला त्याआधी गावच्या शिमग्याचा होम पेटवायला आमच्या घरातून चूड जायची. चूड म्हणजे सुक्या झावळ्यांची आवळून बांधलेली मशाल. दीक्षेनंतरच्या शिमग्याला आजोबांनी निरोप धाडला की हे आता आमच्याकडून व्हायचं नाही. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. आम्हा भावंडांना एवढंच ठाऊक होतं. बाबा त्या वर्षी बारा वर्षांचे होते, आणि या विषयावर त्यांनी तेव्हापासून तोंड उघडलं नव्हतं.

यंदा माघात, एका रविवारी, देवस्थान समितीचे अध्यक्ष चार माणसं घेऊन घरी आले. मी तेव्हा गावीच होते. अध्यक्ष बाबांचे जुने विद्यार्थी. आल्या आल्या वाकून नमस्कार केला, शाल आणि नारळ पुढे ठेवला. बाबा त्यांच्यासाठी खुर्ची ओढायला लागले तर त्यांचा हात धरून म्हणाले, ‘बसा ना सर, बसा. आपल्यात कसली आलीय फॉर्मॅलिटी!’ आमच्याच पडवीत बाबांना बसायची परवानगी मिळाली. माझ्या तेव्हा ते लक्षातसुद्धा आलं नाही. माणूस किती अदबीचा आहे, असंच वाटलं.

‘मंदिर नवं बांधलं, सर, पण गावाला बरं न्हाय,’ अध्यक्ष म्हणाले. ‘दोन वर्षांत दोन होड्या गेल्या. ऐन पंचविशीतला पोरगा गाडीखाली गेला. मग देवीला कौल लावला. ती म्हणते, माझा पहिला मान मोडलाय.’

‘कुठला मान?’ बाबांनी विचारलं.

‘तुमचाच, सर. चुडीचा. देवी समुद्रातनं वर आली तवा काळोख होता, गावात कुणाकडं विस्तव न्हवता. तुमच्या मूळपुरुषानं चूड धरून तिला वाट दाखवली. म्हणून पहिली आग तुमच्या घरची. दुसऱ्या कुणाचा तो अधिकार न्हाय.’

भावाचे डोळे चमकले. त्याला ही गोष्ट नवीन होती. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर बरं वाटलं.

‘आधार काय?’ बाबा म्हणाले.

‘म्हंजे, सर?’

‘या गोष्टीला आधार काय? कुठं लिहिलीय?’

‘जुनी माणसं सांगतात.’

‘गावातला जुना माणूस मीच आहे. मी ऐकलेली नाही.’

सगळे हसले. अध्यक्ष सर्वांत मोठ्याने हसले. मग बाबांनी शाल उचलून त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाले, ‘नाही.’ कारण दिलं नाही, आवाज चढवला नाही. चहा मात्र पूर्ण पाजला.

निघताना अध्यक्ष अंगणाच्या कडेला थांबले आणि रस्त्याकडे बघत राहिले. ‘भाऊंच्या पाहुण्यांना हा रस्ता अरुंद पडत असेल, न्हाय? देवस्थानाच्या जागेतनं जातो ना. घाई न्हाय, सर. शिमग्याला महिना हाय. रस्त्याचंबी बघू आपण काय ते.’

इतक्या गोड आवाजात धमकी मी पहिल्यांदा ऐकली. ती धमकी होती हेही मला आठवड्याने कळलं.

भावाने घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात, राहतात, मासे खातात, समुद्र बघतात. भाऊ, भावजय आणि त्यांची शाळेतली मुलगी यांचा सगळा संसार त्यावर चालतो. आणि गाडी आमच्या दारापर्यंत येते ती देवस्थानाच्या मोकळ्या जागेतून, पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली पडलेल्या वाटेने. या वाटेचा कागद कुणाकडेच नाही. कधी लागलाही नव्हता.

पहिल्यांदा वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा दिसल्या. त्याआधी अध्यक्षांचा फोन आला होता: ‘सर, जरा मोजणी चाललीय. तरास झाला तर सांगा.’ मग वाटेच्या तोंडाशी जांभ्याचे चिरे येऊन पडले. कुंपणासाठी आणलेत, लवकरच उचलू, असं सांगितलं. उरलेल्या जागेतून स्कूटर जायची, गाडी नाही. मग पाटी आली: ‘देवस्थानची खासगी जागा’. पुण्याचं एक कुटुंब लहान मुलांना आणि बॅगांना घेऊन उन्हात चालत घरापर्यंत आलं, पाणी प्यायलं आणि दुसरीकडे निघून गेलं. पुढच्या शनिवारी कुणीच आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

गावात सगळे हसून बोलत होते. किराणावाला सामान देत होता, कोळीण दारात टोपली उतरवत होती, समोर येणारा प्रत्येक जण बाबांची तब्येत विचारत होता. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पोलिसांत तरी जाता आलं असतं. चुन्याच्या रेघेची तक्रार कशी करणार? भावजय मला म्हणाली, ‘ताई, दुकानात गेले की सगळे गप्प होतात आणि मला आधी सामान देतात. मला भीती वाटते हो.’ वाडीतल्या लोकांपुढे भावाने विषय काढला, तर ते पायाकडे बघत म्हणाले, ‘तुमच्या घरचा मान. तुमचं तुम्ही बघा.’

भाऊ फोनवर माझ्यापाशी रडकुंडीला आला. ‘ताई, एका सकाळचं काम. चूड न्यायची, काडी लावायची, परत यायचं. ते फेटा बांधणार हायेत, सत्कार करणार हायेत. आजोबांना जे मिळालं नसेल ते मला मिळतंय. मी काय धर्म सोडतोय का? बाबांना कोण समजावणार?’

मी समजवायला गेले. बाबांशी वाद घालायचा म्हणजे त्यांच्याच हत्याराने, म्हणून म्हणाले, ‘बाबा, समोरचे मान देतायत आणि तुम्ही अडून बसलाय. तुमच्याच वहीतलं सांगते, तुम्हीच स्टँड करताय ऑन सेरेमनी.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘यात यजमान कोण आहे?’

‘पुन्हा तुमचा तिसरा रकाना!’

‘यात यजमान कोण आहे ते सांग. मग बोलू.’

मला भयंकर राग आला. पोराचा धंदा बसतोय आणि हे व्याकरणाचा तास घेतायत! मी ताडकन म्हणाले की कारण सांगा, नुसतं ‘नाही’ काय चाटायचंय? त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, ‘सांगण्यासारखं नाही.’ आणि वही मिटून आत गेले.

मग मी जे केलं ते माझं एकटीचं. भावाने सुचवलं नव्हतं, भावजयीला तर माहीतही नव्हतं. होम आमच्याकडे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना लागतो. मी बाबांच्या मोतीबिंदूसाठी अलिबागच्या डॉक्टरांची वेळ घेतली, पौर्णिमेच्या दुपारची. भावाला फोन करून म्हणाले, ‘तू जा. बाबांना मी सांभाळते. आल्यावर सांगू, झालं गेलं होईल.’ दिघीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना बाबांनी विचारलं, ‘सणाला डॉक्टर बसतो?’ मी म्हणाले, ‘बसतो.’ तेवढं खरं होतं. पलीकडे आगरदांड्याला उतरून मुरूडमार्गे अलिबागला पोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, बोट लागली असेल.

डॉक्टरांनी तपासलं, शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात करू म्हणाले. उशीर झाला म्हणून बाबांना मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होत असताना गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. मी तो स्वयंपाकघरात उभ्याने बघायला लागले आणि ढोलाचा आवाज मोठ्याने झाला. बाबा दारात येऊन उभे राहिले.

‘आण इकडे,’ ते म्हणाले.

त्यांनी वाचायचं भिंग घेतलं आणि फोन टेबलावर ठेवला. भावाने केशरी फेटा बांधला होता, खांद्यावर शाल होती, हातात पेटलेली चूड. ढोलवाले पुढे, तो मागे. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला भरून आलं. होमापासून वीस-पंचवीस पावलांवर उंडीचं जुनं झाड आहे. त्याच्याखाली दोघांनी तळहात दाखवून त्याला थांबवलं. गावचा मानकरी समोरून आला. भावाने चूड त्याच्यापुढे धरली. मानकऱ्याने हात पाठीमागे बांधलेले होते. ते त्याने पुढे केले नाहीत. भाऊ तसाच हात लांब करून उभा राहिला, ठिणग्या त्याच्या मनगटावर पडत होत्या. मग अध्यक्षांचा आवाज आला, अगदी मायेचा: ‘इथं भाऊ, खाली. खाली ठेवा.’ भावाने इकडेतिकडे पाहिलं, वाकला आणि चूड वाळूवर ठेवली. मानकऱ्याने ती उचलली. टाळ्या झाल्या. भाऊ त्याच्या मागून चालायला लागला तर पुन्हा तो तळहात आडवा आला. ‘तुमची जागा ही, भाऊ. इथनं बघा.’

‘पुन्हा लाव,’ बाबा म्हणाले. मी लावला. त्यांनी तीनदा पाहिला.

मग ते बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की बोलले नसते तर बरं झालं असतं. ‘हाताला हात लागू द्यायचा नाही. आपण चूड जमिनीवर ठेवायची. जमिनीला टेकली की आपला विटाळ गेला, मग त्यांनी उचलायची. होम संपेपर्यंत माझा बाप उंडीखाली उभा असायचा, मी त्याचं धोतर धरून. शेवटी नारळाचे तुकडे यायचे. ते वरून टाकायचे, बापाने उपरणं पसरून झेलायचे. एकदा एक तुकडा वाळूत पडला. मी धावत जाऊन उचलला आणि तसाच खाल्ला. सगळे हसले. माझा बापही हसला.’ ते थांबले. ‘हे मी माझ्या मुलांना सांगायचं?’

चहा उकळून शेगडीवर सांडला होता.

‘तुला हे माहीत होतं?’

‘नाही, बाबा. शपथ.’

‘मला इथं आणायचं मात्र माहीत होतं,’ ते म्हणाले. फोन माझ्याकडे सरकवला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. दिवसभर जेवले नाहीत. मी माफी मागितली तेव्हा मान हलवली, पण ती कशासाठी हलवली ते मला आजही माहीत नाही.

शनिवारी मी त्यांना गावी परत घेऊन गेले. वाटेच्या तोंडाशी चिरे नव्हते, पाटी नव्हती. चुन्याच्या रेघा पुसून वाटेवर नवा मुरूम टाकून दाबला होता. इतकी चांगली वाट मी जन्मात पाहिली नव्हती. अंगणात पुण्याच्या दोन गाड्या उभ्या होत्या, मुलं बॉल खेळत होती. भाऊ मागच्या पडवीत पाहुण्यांसाठी पापलेट साफ करत बसला होता. मनगटावर भाजल्याचे बारीक फोड होते. तो बाबांकडे बघून हसला आणि मग नजर खाली केली. त्या झाडाखाली काय झालं ते त्यालाही कळलं असणार. पण अंगणात गाड्या उभ्या होत्या आणि त्यावर कुणाला काही बोलायचं नव्हतं. बाबा आरामखुर्चीत बसले. मी त्यांच्याजवळ स्टूल घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. भावाचे हात खवल्यांनी भरले होते म्हणून भावजयीने स्पीकर लावून फोन त्याच्यासमोर धरला. अध्यक्ष होते.

‘भाऊ, बीचच्या रस्त्याला एक बैल मरून पडलाय. शनिवारची गर्दी, पाहुण्यांना वास जायला नको.’

‘ग्रामपंचायतीला सांगा ना.’

‘सांगितलंय. जेसीबी येतोय. पण पहिला हात तुमचा लागतो, भाऊ. पहिली तशीच रीत होती. आता चूड सुरू झाली म्हंजे पुढचंबी सुरू झालं, व्हय की न्हाय? फार काय न्हाय, नुसती दोरी बांधायची. बाकी मशीन बघंल.’

भावाने पापलेट खाली ठेवलं. बाहेर एका मुलाने बॉल आमच्या दारावर मारला आणि त्याच्या आईने ‘सॉरी हं काका’ म्हणून हाक दिली.

‘नाही म्हण,’ बाबा म्हणाले. मोठ्याने, वर्गात म्हणत तसं.

भावाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. तू जा, झालं गेलं होईल, हे त्याला मीच सांगितलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत थोडा वेळ थांबला. मग हात पंच्याला पुसले, भावजयीकडून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाला, ‘किती वाजता येऊ?’